घंटेचा मान

—आणि तेवढ्यात लिफ्टचं दार बंद झालं, सिस्टर. पुढचं ऐकूच आलं नाही. तळमजल्यावरची शिवणवाली आणि तिची जाऊ, दोघी बोलत होत्या, की शनिवारी शाळेच्या सिस्टर स्वतः येणार, त्या मुलीचं सामान निघणार, आणि — बंद. मी जिन्याने धावले हो खाली, या असल्या गुडघ्यांनी, पण पोचेपर्यंत त्या गेटबाहेर. आणि आज शनिवार, आणि तुम्ही समोर. बसा ना. ही खुर्ची घ्या, ती दुसरी डुगडुगते. शेजारची बेल नका वाजवू, आत धाकटी झोपलीय, आणि आई अजून आली नाही — इस्पितळात रात्रपाळी, फरशा पुसायचं काम, सकाळची बाई आल्याशिवाय हिला सोडत नाहीत. भिंगरी आहे आत. भिंगरी म्हणजे तुमची विद्यार्थिनी हो, शाळेतलं नाव निराळं, पण एका जागी ठरत नाही म्हणून मी भिंगरीच म्हणते. ती दार उघडणार नाही. आईने बजावलंय, कुणी आलं तरी उघडायचं नाही. कुणी म्हणजे — असू दे.

तुम्हाला वाटत असेल मुलगी झोपाळू आहे. छे. तिच्या घरचा नळ वाजला की मी ओळखते, उठली. वेण्या घालून, बूट घालून, दप्तर पाठीला लावून ती दारामागे उभी असते. दप्तर पाठीला लावूनच धाकटीला खेळवते — मी पाहिलंय. खिडकीतून दिसतं, मुद्दाम नाही बघत. पण आई येईपर्यंत तान्ह्या पोरीला टाकून जाणार कशी? बस उशिरा आली की आई उशिरा, आई उशिरा की भिंगरी उशिरा, आणि तुमची प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद. मग ती फाटकाबाहेर, मेरीमातेच्या पुतळ्याकडे बघत उभी. मी म्हटलं तिच्या आईला, अगं, धाकटीला माझ्याकडे ठेव, मी काय दिवसभर भिंतीच मोजते. नाही म्हणाली. तोंडावर नाही म्हणाली. का म्हणजे काय — तिचा नवरा घर सोडून गेला ना, ते इमारतीत कळलं. आता कळायचं ते कळतंच, सिस्टर. मी फक्त दूधवाल्याला म्हटलं होतं की त्यांच्याकडे दूध कमी टाक, एक माणूस कमी झालंय. काळजीनेच म्हटलं. तर दूधवाल्याने घरोघर केलं. त्याचं तोंड, आणि बोल मला.

बरं, ते राहू दे. मला तुम्हाला घंटेबद्दल सांगायचंय. तुमचं ते — महिनाभर ज्या वर्गात कुणालाच उशीर होत नाही, त्या वर्गाला पुढचा महिनाभर शाळेची घंटा वाजवायचा मान. कल्पना फार छान. भिंगरी रात्री झोपेत हात असा खाली ओढते, दोरी ओढल्यासारखा, तिची आईच एकदा म्हणाली होती, बोलत होती तेव्हा. पण सिस्टर, तिच्या वर्गाला मान मिळाला कधी? नाही मिळाला, कारण ही. आणि आजारी पोरीची गैरहजेरी धरत नाहीत, धरतात फक्त उशीर — हो ना? मग वर्गातल्या मुलींनी काय केलं? डब्याच्या सुट्टीत हिला घेरलं आणि म्हणाल्या, "उशीर होणार असेल तर तू येऊच नकोस. आजारी पड." झालं. तेव्हापासून आईची बस चुकली की ही बूट काढते, पोट धरते आणि आजारी पडते. म्हणून तुम्हाला ती वेळेवर तरी दिसते, नाहीतर दिसतच नाही.

माहीत नव्हतं? नव्हतंच माहीत तुम्हाला. तुमचा चेहराच सांगतोय. पाणी देऊ?

शाळेत फोन? फोन कोणी केला म्हणजे... ताप आलाय, पोटात दुखतंय, असं कुणीतरी मोठ्या माणसाने कळवावं लागतं ना. आई येऊन झोपलेली, तिला कुठे उठवायचं. "काकू, तुम्ही सांगा ना," म्हणाली हळूच, दाराच्या फटीतून. मग मी काय करणार? आणि आई झोपली की दोघी गुपचूप माझ्याकडे येतात. धाकटी या चटईवर, भिंगरी मला वाटाणे सोलून देते आणि बडबडते, बडबडते. घर भरल्यासारखं वाटतं. कधी कधी सकाळी मी गॅलरीत उभी राहून बघते, बस आली का, आणि नाही आली तर मला — नाही, तसं नाही म्हणत मी. मुलीने शिकावंच. शिकायलाच हवं.

पण तिला काढू नका, सिस्टर. हात जोडते. नाव कापलं तर ती कायमची धाकटीला कडेवर घेऊन बसेल, मग तिला कोण विचारणार? मला शिक्षा सांगा. मी रोज फाटकापर्यंत सोडते तिला. मी तिच्या आईचे पाय धरते, तोंडाला कुलूप घालते, दूधवाला बदलते —

काढत नाही? मग सामान?

तिची आई आली होती तुमच्याकडे? आपणहून? आणि सगळं सांगितलं — नवऱ्याचंही? स्वतःच्या तोंडाने? अच्छा. तुमच्या शाळेच्या वसतिगृहात, स्वयंपाकघरात. दिवसाचं काम. आणि मागे खोली, तिघींना. म्हणजे भिंगरीला अंगण ओलांडलं की शाळा. चांगलं आहे. फार चांगलं आहे, सिस्टर, उशिराचा प्रश्नच नाही. शिवणवाली तर बरोबरच बोलत होती, मीच अर्धं ऐकलं, आणि उगीच इतके दिवस...

आणि आणखी काय म्हणाली ती? इथून का जायचं, त्याबद्दल? तिला शेजार...

बरं. नका सांगू. समजलं मला.

ती बघा, जिन्यात चप्पल वाजली. तीच आहे, थकली की डावा पाय ओढते. तुम्ही उठा, तिच्याबरोबरच आत जा. मी दार लावून घेते, मला बघितलं की तिचा चेहरा मिटतो. फक्त एवढं सांगा — त्या मागच्या खोलीला शेजार आहे का कुणाचा? धाकटीला पोटावर पालथं घातलं की ती लगेच झोपते, कुणाला तरी माहीत असायला हवं.

जा, सिस्टर. जा तुम्ही. उशीर नको व्हायला.