तीट कोणत्या गालाला

सप्ताहाचं कीर्तन ऐकून निमाणीच्या बसथांब्यावर आले, तरी कानांत टाळ वाजतच होते. मागं एक सासू तान्हं बाळ घेऊन उभी होती. शेजारी सून, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग.

"हर्षाली, सार्थकला मी डाव्या गालाला तीट लावली व्हती. उजव्याला कशी आली?"

"घामानं पुसली, आई. मी परत लावली."

"आन कानामागं हा जरीचा धागा कशाचा चिकटला?"

"स्टुडिओत पडलेला असेल."

"मी कीर्तनाला गेले तेवढ्यात त्याचा फोटो काढला ना तू? जावळ व्हईस्तोवर काढायचा नाय, दृष्ट लागती, म्हणलं व्हतं मी."

"गिऱ्हाइकाचं बाळ फेटा घालू देईना, नुसतं रडत होतं. तोवर लाइट बघायला आपल्या सार्थकलाच फेटा घालून बसवलं."

"किती जणांनी पाह्यला?"

"मी एकटीनंच. पुसून टाकते. पण उद्या घोटीला बारशाचं काम आहे, याला ठेवाल ना?"

"आधी दाखव."

"हा बघा, मोबाइलमध्ये."

"एवढा कुणाकडं बघून हसतोय?"

"कॅमेऱ्यामागं मीच होते ना."

"माझ्याकडं बघून नाय असा हसत. पिशवीतली काजळाची डबी दे."

"आई, मोबाइलची काच काळी केलीत की."

"राहू दे. तू जा घोटीला. काल्याच्या कीर्तनाला मी त्याला मांडीवर घिऊन बसंन. आन ही तीट पुसू नको. डाव्या गालाला लावलीय."