कसरीला चौकोन न्हाई

गावकऱ्यांनो, अण्णांच्या घरच्यांनो, आणि विद्यापीठातून आलेल्या साहेब लोकांनो,

मला बोलायला उभं केलंय खरं, पण रडू यायच्या आधी रागच येतोय. तो गिळून गोड बोलायला मला जमायचं न्हाई. सांभाळून घ्या.

विठ्ठलअण्णा मंगळवारी गेले. छातीत कळ आली आणि जोयड्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आरोग्य केंद्रात ते रक्त तपासायचे, मी नर्स. वीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. माझ्यावर ओरडायचे, मग स्वतःच चहा आणून द्यायचे.

रानात गोचीड चावून येणारा माकडताप तुम्हाला ठाऊक हाय. विद्यापीठानं त्याचा अभ्यास काढला. शिकलेली पोरं छापील फॉर्म घेऊन आली. प्रश्न काय? "ताप आहे का?" आपली माणसं म्हणाली, "न्हाई." पोरांनी चौकोनात खूण केली, चहा घेतला, गेली. अहवाल आला, या वाडीत कुणाला ताप न्हाई!

अण्णांनी कपाळावर हात मारला. अहो, आपल्याकडं माणूस अंथरुणाला खिळला की मग त्याला ताप म्हणायचं. तोवर अंग कितीही तापू दे, ती कसर! "जराशी कसर हाय," म्हणत बाई पाला आणायला रानात जाते. अण्णा त्याच वाडीत परत गेले. "कसर हाय काय?" विचारलं. "व्हय की!" घराघरांतून तेच उत्तर.

माकडतापाची तपासणी आपल्या केंद्रात होत न्हाई, म्हणून त्यांनी रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात घालून बसनं लांबच्या लॅबला पाठवलं. वाटेत बर्फ वितळला. नमुने खराब, म्हणून कागद आला. आता काय म्हणावं?

अण्णांनी विद्यापीठाला लिहिलं, फॉर्ममध्ये एवढा एक शब्द घाला. उत्तर आलं, समितीनं मंजूर केलेला फॉर्म बदलता येत न्हाई. पुन्हा लिहिलं. समिती बसायची होती. पुन्हा लिहिलं. अशी वर्षं गेली, समितीचा अध्यक्षच बदलला! मी म्हणायची, "अण्णा, सोडा की आता." ते उखडायचे. "सोडू कसं, सिस्टर? मी गेल्यावर या वाडीतल्या माणसांना कोण विचारणार?"

साहेब, मघाशी तुम्ही म्हणालात, अण्णांच्या नावानं शहरात दर वर्षी व्याख्यान ठेवू. ठेवा. पण व्याख्यानानं रक्त थंड राहतं काय? इथं फ्रीजर द्या. माकडतापाचं रक्त इथंच तपासायची सोय करा. वाडीचं बोलणं ज्यांना कळतं अशा इथल्या मुलींना शिकवा, संशोधनाला घ्या. कायमचं घ्या, सहा महिन्यांसाठी नको.

काल एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली. लेकराचं अंग नुसतं भाजत होतं. "अण्णा कुठं हायत?" म्हणाली. मी लेकराला त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि ओल्या फडक्यानं अंग पुसलं.

अण्णा, मला तुमची फार आठवण येते हो. आज तुम्ही असता तर मी एवढं बोललेच नसते. तुम्हीच बोलला असता.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं न्हाई. साहेब, तुम्ही सोडून. तुम्ही पुष्कळ वर्षं गप्प राहिलात. आम्ही उभे राहतो. तुम्ही सांगा, अण्णांच्या खुर्चीवर माणूस कधी येतोय?