घर बंद आढळले

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस अगदी नियमाप्रमाणे वागला, लाच नाही, लबाडी नाही, तरी त्याच्या हातून पाप घडतं का? माना हलवू नका! आधी ऐका, मग हलवा!

कोकणात डोंगराच्या कुशीत एक वाडी. तिथं वैजयंता जोगळे राहायची. नवरा गेलेला, घरात आंधळी सासू. सरकारी घरकुलाच्या यादीत नाव लागलेलं. वाट बघता बघता केस पिकले!

त्या श्रावणात घरामागच्या डोंगराला भेग पडली. वरून दगड सुटून पत्र्यावर — टण्ण! टण्ण! सासू म्हणाली, "गो, डोंगर बोलतोय." वैजयंतानं दाराला कुलूप लावलं आणि सासूला घेऊन भावाकडे गेली. शहाणपणच केलं ना?

नेमकी तेव्हाच यादीची फेरतपासणी निघाली! तपासणीला सरकारी कचेरीतले रसाळसाहेब आले. सज्जन माणूस हो, कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. बघतात तर कुलूप! शेरा मारला, 'घर बंद आढळले. वास्तव्य नाही.' नाव कमी! शेजारचा म्हातारा धाकू गुरव, तोही भिऊन लेकीकडे गेलेला. त्याचंही नाव कमी!

वैजयंता कचेरीत धावली. "सायेब, डोंगर खाली येतोय म्हनून गेलो ओ!"

"बाई, जो राहतच नाही त्याला घर कसं द्यायचं? मी पुन्हा येईन. घरात सापडलात, तर नाव परत."

आता सांगा मंडळी, काय करावं बाईनं? ती सासूचा हात धरून परतली, त्याच डोंगराखाली.

भेग आता घरात शिरलेली. चुलीपासून थेट उंबऱ्यापर्यंत! सकाळी बोट जायचं, संध्याकाळी मूठ. विहिरीचं पाणी लाल झालं. कुत्री वाडी सोडून गेली — कुत्र्यांना कुठं घरकुल हवंय! पातेलं वाजलं तरी वैजयंता सासूचा हात घट्ट धरायची. सासू म्हणे, "मला ठेव, तू जा." ती म्हणे, "आये, तुला टाकून घर कुनासाठी गो?"

एका दुपारी रसाळसाहेब आले. आत पाऊल टाकलं, आणि जमिनीखालून घरघर उठली. भांडी आपोआप घसरायला लागली! साहेबांचं तोंड पांढरंफटक.

"बाई, बाहेर! बाहेर चला!"

आणि ही? दारात आडवी!

"सायेब, आदी लिवा. हजर म्हनून लिवा."

"अहो, मराल!"

"मेलो तर मेलो! भाईर पडलो की तुमी परत लिवाल, घर बंद!"

उभ्या उभ्या लिहिलं हो साहेबांनी, 'हजर'. म्हातारीला पाठीवर घेतलं आणि तिघं उताराला धावली. आधी वारा आला. मग आवाज. वळून बघतात तो घर नाही, शेजारही नाही, नुसती लाल माती!

साहेब धापा टाकत म्हणाले, "धाकू लेकीकडेच आहे ना?"

वैजयंतानं त्या मातीकडे बोट केलं. "तोबी परत आलावता, सायेब. तुमी याल म्हनून. दार उगडं टाकून बसलावता, बंद दिसू नये म्हनून."

मंडळी, साहेब तिथंच चिखलात बसले.

वैजयंताला पुढं सपाटीवर घर मिळालं. कुलपं बघून कमी केलेली सगळी नावं साहेबांनी परत लावली. माणसं जिथं गेली होती तिथं स्वतः गेले, हात जोडून आले. पण धाकूच्या लेकीसमोर उभे राहिले, तेव्हा जोडायला उचललेले हात तसेच खाली आले. नियम तर पाळला होता! मग त्या लेकीला काय सांगणार?

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही काय साहेब आहोत? अहो, भाऊ लग्नाला आला नाही, खोडलं नाव! मावशीनं फोन उचलला नाही, खोडलं! सगळं रीतीप्रमाणे! घरी जाल तेव्हा ज्याचं नाव खोडलंत, त्याच्याकडे जा. आणि विचारा, "बाबा रे, तुला कसली भीती वाटत होती?"

आजच जा. डोंगर थांबत नाही.