वाढत्या अंगाचं जॅकेट

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असा बाबांना शब्द दिलाय मी, पण अख्ख्या साइटला कळलंय, मग तुम्हीच काय घोडं मारलंय... तर माझे बाबा बांधकामावर क्रेनला इशारे देतात. वर केबिनमधल्या काकांना खालचं काही दिसत नाही, दिसतात ते बाबांचे हात. हात वर गेला की दोन टनांची टाकी वर, मूठ वळली की टाकी जागच्या जागी. पण हात वर गेला की बाबांचं सेफ्टी जॅकेटही पुढून चर्रर्र... सगळा वेल्क्रो सुटला. गेटवरचे नवे साहेब म्हणाले, "परवापर्यंत अंगाला बसणारं आणा, नाहीतर टाकी दुसरा कुणी चढवेल." तुम्हाला सांगते, बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. बाबा. जेवले नाहीत.

मग मापं. मी फक्त टेप धरली होती हं. बाबा पासपोर्टच्या फोटोला उभे राहावेत तसे उभे, पोट आत, चेहरा लालबुंद. आई म्हणाली, "अहो, श्वास सोडा." "सोडलाय," बाबा ओठ न हलवता म्हणाले, "बघ, लार्ज." आता ह्यात माझं काय चुकलं? मी फक्त टेप धरली होती.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात. मागे रांगेत चार प्लंबर. काउंटरवरच्या मावशींनी लार्ज दिलं, बाबांकडे बघितलं, परत लार्जकडे बघितलं... चर्रर्र. एक्सेल. चर्रर्र. "तुमचा वेल्क्रोच हलका आहे," बाबा म्हणाले. प्लंबर खोकले. "मोठी मापं आत आहेत, कितीचं काढू?" मावशींनी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, आणि बाबा फरशी बघायला लागले. मला ते बघवेना हो. वर्गात हजेरीला माझा "हजर" बाईंना ऐकू जात नाही, ती मी म्हणाले, "फाइव्ह एक्सेल."

"कुणाला गं?"

"मला."

मावशींनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं. माझं वजन अडतीस किलो. "वाढत्या अंगाचं हवंय," मी म्हणाले.

मग बाबांनी ते नुसतं तपासायला म्हणून घातलं. हात वर. आवाज नाही. दुसरा हात वर. नाही. "पोरीला बरोबर होईल," बाबा म्हणाले, आणि घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवले.

टाकी चढली, अगदी कापसाची असावी तशी. साहेब म्हणाले, "छान बसलंय की जॅकेट." तिथे गप्प बसावं ना? तर बाबा म्हणाले, "मुलीचं आहे." झालं. आता साइटवरचे सगळे धिप्पाड काका आमच्या दारात. "बाळ, तुझ्यासाठी एक फोर एक्सेल आण ना..." "मला नको हो, हिलाच हवंय, थ्री एक्सेल..." आणि दुकानात पाय ठेवला की मावशी विचारतात, "आज कितीची झालीस गं?" मी तर फक्त टेप... आले, बाबा. क्रेनवाले काका आलेत वाटतं, म्हणजे आज संध्याकाळी मी सिक्स एक्सेलची होणार.