गाठ कुठून आली

— नाही दाजी, फाइल खिडकीबाहेर देता येत नाही, तुमची स्वतःची असली तरी. चिरनेरहून आलात, मान्य, पण नियम आहे. बसा त्या स्टुलावर. कमलाकर कुठाय? गोळ्या आणायला? येईल मग. अहो, लपवायचं काय त्यात — मी साधी रेकॉर्डची बाई, डॉक्टर लिहितात त्या आजाराला नंबर लावते, बस. तुमचाच कागद परवा दोनदा वर पाठवला मी. का? तर नुसतं लिहिलेलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ. असं कसं चालेल? तिथेच उगवली असेल तर एकशे चौऱ्याण्णव, दुसरीकडून येऊन बसली असेल तर एकशे अठ्ठ्याण्णव — नंबर वेगळा, सगळंच वेगळं. मग त्यांनी खाली लिहून दिलं, फुफ्फुसातून —

काय म्हणालात? नाही हो, तुमचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालंय ना दोन वर्षांपूर्वी, ते संपलं, ते — मी आपलं उदाहरण देत होते. पाणी देऊ?

असं बघू नका माझ्याकडे. या फाइलवर चिठ्ठी टाचलीय — पेशंटला कळू देऊ नये. तुमच्या मुलानेच हात जोडले डॉक्टरांना. आणि मी अजून कायम नाही इथे, उद्या काढून टाकतील. बोलायची चोरी, आणि गप्प बसायचं म्हटलं तर — माझ्या आईला आम्ही असंच ठेवलं होतं दाजी, अठ्ठ्याऐंशी साली. अल्सर आहे, बरा होईल. मीच सांगायचे रोज, तिचे केस विंचरताना. शेवटी तिला कळलंच. म्हणाली, ‘अरू, आधी बोलली असतीस तर अलिबागला जाऊन भावाला भेटून आले असते.’ अकरा वर्षं अबोला होता त्यांचा. मामा आला तेव्हा ती शुद्धीत नव्हती.

कधी? वैशाखात? लेकीचं, सुनीताचं लग्न वैशाखात धरलंय — आणि तोवर तुम्ही खडखडीत बरे व्हाल असं कमलाकर म्हणतो? दाजी, आता आश्विन चाललाय. तुळशीचं लग्न लागलं की पहिला मुहूर्त गाठा. पनवेलात हॉल नाही मिळाला तर दारात मांडव घाला. का म्हणून विचारू नका — हो. हो, तीच. फुफ्फुसातलीच. आता नाही काढता येत ती. किती दिवस, ते मला खरंच माहीत नाही, आमच्या नंबरात ते नसतं.

पोरावर रागावू नका. ट्रेलर चालवणारा गडी, पण त्या जिन्याखाली तोंड दाबून रडताना पाहिलंय मी त्याला. आला बघा. दाजी, त्याला माझं नाव — नाही, राहू दे. सांगा, अरुंधतीबाईंनी सांगितलं म्हणून.

काय कमलाकर, मिळाल्या गोळ्या? मला काय विचारतोस, वडलांना विचार. जा, दोघं बाहेर बाकावर बसा. खिडकी बंद करायची वेळ झाली माझी — हात काढ. हात काढ रे, लागेल.