दोन तिरक्या काठ्या

तपासणी केंद्राच्या प्रतीक्षागृहात तो तरुण आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसला होता. मागच्या बाकावर बापलेकीचं बोलणं चाललं होतं. नको म्हणतानाही त्याचे कान तिकडेच लागले.

"बाबा, काउंटरवर म्हणाले, आईच्या गाठीचा रिपोर्ट साइटवर आलाय. उघडा ना."

"उघडतो. एच, टी, टी, पी. मग दोन टिंबं. मग दोन तिरक्या काठ्या..."

"अहो, ते आता कुणी टाकत नाही! तीन डब्ल्यूसुद्धा लागत नाहीत. नुसतं नाव टाका."

"तुझ्या आईनं असंच शिकवलंय. एक काठी राहिली तर दार उघडत नाही, म्हणायची."

"वीस वर्षं झाली त्याला!"

"तुझा दहावीचा निकाल होता. मी घाईघाईत सारखं चुकीचं टाकत होतो. ती म्हणाली, सावकाश टाका, निकाल कुठं पळून जात नाही."

"आणा तो फोन इकडे. तुम्ही संध्याकाळ कराल."

"घे बाई."

मागे फोनवर बोटांची भराभर टकटक ऐकू आली, मग ती थांबली.

"काय गं, उघडलं?"

"नाही. सगळं टाकून झालंय. फक्त बोट लावायचं राहिलंय."

"मग लाव की."

"बाबा..."

"काय गं?"

"पुसलं मी. तुम्हीच टाका. एचपासून."

"काठ्यासुद्धा?"

"दोन्ही काठ्या. सावकाश टाका."

त्याचा क्रमांक पुकारला गेला. पण मागून दुसरी काठी टाकल्याचं ऐकू येईपर्यंत तो जागचा हलला नाही.