कार्डावरची शिवकन्या

सर्जेराव : दाबू नका, वहिनी. नुसता टेकवा. दाबलं की मशीन अजूनच रुसती.

भावना : टेकवलाच आहे की, भाऊ. आत्याबाईंचा एका झटक्यात बसला अन् माझाच का बसत न्हाई?

उषाबाई : अजबच बाई. कापूस वेचून वेचून माझी बोटं गुळगुळीत झाली, तरी बसला. अन् हिचा कवळा अंगठा मशीनीला चालत न्हाई.

सर्जेराव : बसला, काकू. अंगठा बराबर बसला. घोळ अंगठ्याचा न्हाईच. मशीन म्हणून राह्यली, हा आधार दुसऱ्याच कार्डावर हाय.

उषाबाई : दुसऱ्या म्हंजी कोणाच्या?

सर्जेराव : शहागडच्या. वहिनी, तुमचं माहेर शहागडलाच ना?

भावना : हो, पण माझं नाव तर इथं आहे. दर महिन्याला आमच्या घरी माझं धान्य येतं. तुम्हीच देता.

सर्जेराव : देत होतो. आजवर घरातल्या एकाचा अंगठा बसला की सगळ्या घराचं धान्य सुटायचं. काकू यायच्या, अंगठा द्यायच्या, पोतं न्यायच्या. आता सरकार म्हणतंय, कार्डावर जेवढी माणसं तेवढे अंगठे. महिनाअखेरपर्यंत ज्याचा बसला न्हाई त्याचं नाव गेलं. तुमचा बसलाय, पण तिकडं. कधी दिल्ता तिकडं?

भावना : भाऊबीजेला गेल्ते तेव्हा. दुसऱ्या दिवशी प्रेमदादा म्हणाला, ताई, रेशनच्या दुकानात जरा अंगठा देऊन ये, तुझ्यावाचून अडलंय. मी म्हटलं, दादाचं काम आहे. दिला.

उषाबाई : तरीच. मी तवाच म्हणलं, औंदा ओवाळणीत एवढी भारी साडी कशी काय आली.

भावना : आत्याबाई, साडीचा काय संबंध?

उषाबाई : काय न्हाई बाई. तुझ्या बापानं लग्न लावून दिलं, पंगती उठल्या, अन् कार्डावरचं नाव तेवढं घरात ठेवून घेतलं. सात वर्षं झाली, तुझ्या नावाचे गहू तांदूळ तुझी भावजय निवडून राह्यली.

भावना : मला काय माहीत? मला कोणी विचारलं का? कशाला ते न विचारता अंगठा दिला, हे चुकलं. पण मला वाटलं, इथं आहेच की माझं नाव.

सर्जेराव : अंगठा देताना मशीनीवर काय लिहिलंय ते बघत जावं, वहिनी. भाऊ असू द्या न्हाईतर मी असू द्या. निघालेली पावती वाचायची, मंग घरी जायचं.

भावना : दहावी शिकले मी, भाऊ. वाचता येतं मला. भावाचं काम म्हणून वाचलं न्हाई.

उषाबाई : आता ते जाऊ दे. सर्जेराव, तिकडचं तिकडं राहू दे, तू इकडचं बघ. इकडं नाव हाय ना? मंग दे ढकलून पुढं.

सर्जेराव : ढकलायला ही काय बैलगाडी हाय? थांबा, इकडचं उघडतो. रेंज न्हाई आज सकाळपासून. हां, आलं. उषाबाई, बराबर. हरिओम, बराबर. लेकाला पण पाठवा बरं, काकू.

उषाबाई : त्याचा उजवा हात अजून पट्टीत हाय. मिलात तापली सळई लागली, तवापासून घरातच पडून. डाव्या हाताचा चालतो का?

सर्जेराव : चालतो. दहापैकी कोणतंही बोट चालतं. पाठवून द्या. तिसरं नाव, शिवकन्या. याला आधार जोडलेलाच न्हाई. तुमचा आधार कोणत्या नावानं हाय, वहिनी?

भावना : भावना. आधार लग्नाआधीचा आहे. शिवकन्या हे इथलं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं ह्यांनी लिहिलं ते. माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या. म्हणाल्या, भावना इतकं चांगलं नाव, ते बदलून हे कुठलं आजीचं नाव ठेवलं?

उषाबाई : आजीचं न्हाई ते.

सर्जेराव : नाव बदललं की आधारावर बदलून घ्यावं लागतं, न्हाईतर... एक मिनिट. इथं नात्यापुढं काय लिहिलंय हे?

भावना : काय लिहिलंय?

सर्जेराव : मुलगी.

भावना : चुकलं असेल. सून पाहिजे.

सर्जेराव : चुकलं न्हाई, वहिनी. हे नाव तुमच्या लग्नाच्या लई आधीचं हाय. आमचे बाबा दुकान चालवायचे तवाचं. काकू?

(उषाबाई हातातल्या रिकाम्या पोत्याची घडी घालू लागतात.)

सर्जेराव : काकू, ही आपली शिवकन्या हाय ना? दुसरीत माझ्या वर्गात होती. पावसाळ्यात तापानं गेली, ती?

भावना : कोण गेली?

सर्जेराव : तुमची नणंद, वहिनी.

भावना : मला नणंद होती एवढं माहीत आहे. नाव कोणी सांगितलं न्हाई. ह्यांना विचारलं की म्हणायचे, आईसमोर तो विषय काढू नको. आत्याबाई, तिचं नाव शिवकन्या होतं?

उषाबाई : होतं.

भावना : अन् तेच मला ठेवलं.

उषाबाई : ठेवलं.

भावना : सात वर्षं तुम्ही मला त्या नावानं हाक मारता. मी हो म्हणते.

उषाबाई : अगं, तुझे मामंजी होते तवा तेच म्हणले. नाव कमी करायला तहसीलात जावं लागतं, तिथं मेल्याचा दाखला मागतेत. तिचा दाखला कुठं काढला होता आम्ही? रात्रीतून पोर गेली. नाव राहून गेलं. पुढं तू आली. मामंजी म्हणले, सुनेचं नाव नवीन घालायला परत तेच तहसील, तुझ्या माहेराहून नाव कापल्याचा कागद, फेऱ्यावर फेऱ्या. त्यापरीस नाव हायच की कार्डावर. तेच ठेवू.

भावना : म्हणजे धान्यासाठी ठेवलं माझं नाव.

उषाबाई : धान्यासाठी म्हणलीस तरी खरं हाय. अन् न्हाई म्हणलं तरी खरं हाय. मी काय सांगू तुला? त्या दिवशी हरिओमनं तांदळात नाव लिव्हलं, अन् मला घरात कोणाला तरी पुन्हा त्या नावानं हाक मारता आली. आता ह्यात धान्य किती अन् पोर किती, मला वेगळं करता येत न्हाई बाई.

सर्जेराव : बाबांना म्हाईत असंल हे?

उषाबाई : सोयरे होते तुझे बाबा. गप राह्यले.

सर्जेराव : मला गप राहता येणार न्हाई, काकू. दुकान जाईल माझं. तुम्ही रागवा, पण मेलेल्या माणसाचं धान्य मी आता देऊ शकत न्हाई, अन् वहिनीचं शहागडला अडकलंय. म्हंजी कागदावर तुमच्या घरात दोनच माणसं. तुम्ही अन् हरिओम.

भावना : अन् अक्षताचं काय? पाच वर्षांची झाली. तिचं नाव अजून घातलंच न्हाई. दरवर्षी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.

सर्जेराव : आईच कार्डावर नसल तर लेकरू कोणाच्या नावामागं लावू? तुमचं लागल्याशिवाय तिचं लागत न्हाई.

उषाबाई : दोघांच्या धान्यात चार तोंडं. हरिओमचा पगार बंद हाय, सर्जेराव. तुला सांगायला नको.

सर्जेराव : म्हाईत हाय, काकू. मी काय करू? हे यंत्र माझं ऐकत न्हाई.

भावना : परतूरच्या स्टँडजवळ एकजण करून देतो म्हणे. शेजारच्या काकूंनी नंबर दिलाय. सकाळी मी फोन केला होता. तो म्हणाला, आधार नंबर सांगा, तुमच्या मोबाईलवर आकडे येतील ते सांगा, संध्याकाळपर्यंत नाव लागेल.

सर्जेराव : सांगितले का आकडे?

भावना : तेवढ्यात अक्षता रडायला लागली. ठेवला फोन.

सर्जेराव : लेकरानं वाचवलं म्हणा. तो आकडा म्हंजी घराची किल्ली हाय, वहिनी. कोणाला म्हणून द्यायची न्हाई. मला पण न्हाई. मागच्या महिन्यात खालच्या आळीतल्या कडूबानं सांगितला, अन् बायकोच्या खात्यात होतं नव्हतं ते सगळं धुवून गेलं. तो नंबर पुसून टाका आधी.

भावना : मग खरा रस्ता कोणता ते तरी सांगा.

सर्जेराव : दोन अर्ज. एक शहागडच्या कार्डावरून तुमचं नाव काढायचा. एक ह्या कार्डावरून शिवकन्याचं काढायचा. दोन्ही निघाली की मंग तिसरा, तुमचं अन् अक्षताचं घालायचा. शहागडचं प्रेमभाऊनं केलं तर जल्दी होईल. लावा फोन.

भावना : आत्ता?

सर्जेराव : महिना संपत आला, वहिनी.

भावना : हॅलो, दादा? भावना बोलतेय. हो, बऱ्या आहेत. ह्यांचा हात आहे तसाच. दादा, एक काम होतं. रेशनच्या कार्डावरून माझं नाव कमी करून दे ना. अरे, इथं लावायचंय. न्हाई, भांडण न्हाई झालं. कोणी शिकवलं न्हाई मला. असं काय बोलतोस? नाव काढलं म्हणून मी काय परकी होते का? दादा, ऐक तरी. बरं. बरं, वहिनीला विचार. हो. ठेवते.

उषाबाई : काय म्हणला?

भावना : म्हणाला, आईबापाच्या कार्डावर नाव आहे तोवर हे घर तुझं आहे. तुझ्या हातानं कशाला खोडतेस? म्हणाला, उद्या तिकडं काही कमीजास्त झालं तर कुठं येशील?

उषाबाई : लई माया आली. दर महिन्याला मायेचं पोतं घरी येतंय ना.

भावना : आत्याबाई, तुम्ही तरी नका बोलू. तुम्ही बोलू नका आज.

उषाबाई : बरं. न्हाई बोलत.

सर्जेराव : वहिनी, त्यानं न्हाई म्हणलं तरी अडत न्हाई. तुमचं नाव हाय, तुमचा आधार हाय. तुमच्या सहीनं तुम्ही अर्ज देऊ शकता. पण वेळ लागंल. अन् भाऊ काय म्हणंल ते तुम्ही बघा. ते काय मशीनीत दिसत न्हाई.

भावना : किती वेळ लागेल?

सर्जेराव : खोटं कशाला सांगू? लोक सहा सहा महिने फिरून राह्यले. साहेब भेटला तर रेंज न्हाई, रेंज आली तर साहेब न्हाई.

भावना : तोवर?

सर्जेराव : तोवर दोघांचं धान्य.

भावना : अन् दादाकडं चालू राहील माझं?

सर्जेराव : तुम्ही काढेपर्यंत चालू राहील.

भावना : म्हणजे मी इथं उपाशी राहिले तरी कागदावर तिथं जेवते.

सर्जेराव : तसंच म्हणा.

भावना : लिहा भाऊ. माझा अर्ज आधी लिहा.

सर्जेराव : साध्या कागदावर लिहून देतो. तुमच्या माहेरच्या तहसीलात द्या, अन् पोच घेतल्याशिवाय हलू नका. बिलकुल हलू नका. मधी कोणी म्हणलं, मी देतो आत नेऊन, तर द्यायचा न्हाई. नाव, भावना पुंजाराम... बराबर. नाव कमी करण्याचं कारण. लग्न. करा इथं सही.

भावना : भावना म्हणून करू?

सर्जेराव : आधारावर हाय तशीच.

भावना : सात वर्षांत केली न्हाई ही सही. वाकडी आली.

सर्जेराव : चालतं. आता काकूंचा. कार्ड काकूंच्या नावावर हाय, म्हणून अर्ज तुम्हालाच द्यावा लागंल, काकू. शिवकन्याचं नाव कमी करणेबाबत.

उषाबाई : आजच लिव्हायचा का?

सर्जेराव : अंगठा बसला न्हाई की ते नाव महिनाअखेरीला आपोआपच जाईल. पण तसं गेलं तर चौकशी लागंल, कोण होती, कुठं गेली, आजवर कोणी खाल्लं. आपण होऊन दिलेलं बरं. त्यात वहिनीचं पण अडणार न्हाई.

भावना : आत्याबाई, बसा इथं पोत्यावर.

उषाबाई : बसायला काय झालं मला? लिव्ह रे बाबा. विचार काय विचारायचं ते.

सर्जेराव : नाव लिहिलं. नातं, मुलगी. वय... मशीनीत बघतो. एकतीस.

उषाबाई : किती म्हणला?

सर्जेराव : एकतीस, काकू. मशीन दरवर्षी वाढवत जाती. तिला काय म्हाईत?

उषाबाई : एकतीस झाली व्हय.

सर्जेराव : कारण काय लिहू, काकू? दोनच लिहिता येतेत. न्हाईतर मृत्यू, न्हाईतर लग्न. मृत्यू लिहितो.

उषाबाई : थांब. हिच्या अर्जात काय लिव्हलं?

सर्जेराव : लग्न. पण काकू, तपासतेत वर. खोटं लिहिता येत न्हाई.

भावना : लिहू द्या भाऊ त्यांना सांगतील ते. वर कोणी विचारलं तर मी सांगेन.

सर्जेराव : तुम्ही काय सांगणार, वहिनी? बरं, काकू, बोला. काय लिहू?

उषाबाई : एकतीस वर्षांची लेक कोणी घरात ठेवतं का, सर्जेराव? लग्न लिव्ह.